बिल्ल्याच्या पाठीवरची तीट

॥ श्री सप्तशृंगीमाता प्रसन्न ॥

गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी २००४

श्री. जयराम भाऊजी यांना दीपमालाचा नमस्कार.

आपलं रजिस्टर पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: कापडी बिल्ला एक, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्याचं इंग्रजी सर्टिफिकेट, झेरॉक्स, पान एक. भिंग एक. खारे शेंगदाणे पाव किलो. पुडी फुटली होती, पण दाणे सगळे पेटीतच होते. वर तिकिटं बत्तीस रुपयांची. बिल्ल्याला तुम्ही साडेसहा हजार मोजले असं चिठ्ठीत आहे. तो आकडा मी दोनदा वाचला.

तुम्ही विचारलंत की, इंटरनेटवरच्या लिलावात घेतलेला हा बिल्ला रशियन अंतराळवीराच्या पोशाखावरचा म्हणून विकला आहे, तर वहिनी, तुमचा जन्म भरतकामात गेला, शिवण हाताची की मशीनची एवढं सांगा.

शिवण हाताची आहे. रॉकेटला भरीव टाका, कडेला साखळी, खालची परदेशी अक्षरं उलट्या टिपेने. मशीनचा टाका शेवटपर्यंत सारखा पडतो. हा उजव्या कडेला जरा सैल झालाय, म्हणजे भरणाऱ्या बाईचा हात तिथे दमला होता. याहून जास्त मला कळत नाही.

बिल्ला, सर्टिफिकेट आणि भिंग आजच रजिस्टरने परत करते आहे. इतकी महागाची वस्तू घरात ठेवायला नको. आमच्या महेशचं सायबर कॅफेचं बरं चाललंय. माझी तब्येत ठीक.

आपली,
दीपमाला


मनमाड
२० फेब्रुवारी २००४

गं. भा. दीपमाला वहिनींना जयरामचा साष्टांग नमस्कार.

वहिनी, तुमचं पत्र आलं आणि मी घरात एकट्यानेच टाळ्या पिटल्या. हाताची शिवण! मी तेच म्हणत होतो. आणि बाईने भरलाय हेसुद्धा तुम्ही नुसत्या टाक्यांवरून ओळखलंत. सिग्नलचा खांब लांबून बघून कुठली तार ढिली आहे ते मी सांगायचो, तसंच हे. ज्याचं त्याला कळतं.

आता सगळं नीट सांगतो. रिटायर झाल्यावर दुपार जात नव्हती. आमची हर्षाली पुण्याहून घरी आली तेव्हा तिने मला इंटरनेट शिकवलं. तिथे जगभरच्या हौशी लोकांची एक मंडळी आहे, अंतराळातल्या वस्तू जमवणाऱ्यांची. खोट्या वस्तू फार विकल्या जातात, म्हणून ती माणसं एकमेकांना खुणा सांगतात. दोन सह्या एकावर एक धरल्या आणि तंतोतंत जुळल्या, तर ती मशीनची सही. कापड जुनं आणि दोरा नवा, तर संशय घ्या. निळ्या दिव्याखाली धरा, नव्या काळातला दोरा पांढराफटक चमकतो. मी आमच्या तिकीट खिडकीवरून नोटा तपासायचा दिवा तासाभरासाठी मागून आणला. खरं सांगतो, दोरा थोडा चमकला. मन खट्टू झालं. पण तुमचं पत्र हातात होतं. म्हटलं, दिवा बाजारातला आहे, वहिनी घरच्या आहेत.

आणखी एक गंमत. बिल्ला उलटा केला तर डाव्या कोपऱ्यात एकच काळा टाका आहे, तिळाएवढा. फोटो मंडळीत टाकला. एका जाणत्या माणसाने लिहिलं की, ही तिथल्या तपासनिसाची खूण असावी, माल पास झाला की एक टाका. बघा, किती शिस्त! वासही वेगळाच आहे, गवतासारखा. रशियात कुठल्या लाकडाच्या पेट्या करतात कोण जाणे.

विकणारा मात्र आपल्या नाशिकचाच. त्याचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि तिथे आलेल्या रशियन इंजिनिअरने त्यांना बिल्ला भेट दिला, असं सर्टिफिकेटात आहे. नाव नाही. गोरक्षदादाही त्याच कारखान्यात होते, ते आज असते तर एका मिनिटात सांगितलं असतं, कोण ते. हर्षालीने पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नावावर पार्सल मागवलं, त्यामुळे माझी आणि त्याची बोलाचाल काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. मी शिकलो त्या शाळेने मला एक खोली दिली आहे. १२ एप्रिलला, माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला त्या दिवशी, तिथे छोटं प्रदर्शन उघडायचं. चित्रं, मॉडेल मुलं करतील. अस्सल वस्तू मात्र हा एकच बिल्ला. काचेच्या पेटीखाली पांढरं कार्ड ठेवलंय. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय: “तपासणी: श्रीमती दीपमाला, नाशिक.” असा टाका आता कोणी घालत नाही, वहिनी. तो पारखणारंही कोणी राहिलं नाही.

आपला,
जयराम


नाशिक
२९ फेब्रुवारी २००४

श्री. जयराम भाऊजींना नमस्कार.

पत्र वाचलं. एक विनंती आहे. कार्डावर माझं नाव नको. मी मॅट्रिक झालेली बाई, रशिया नकाशात तेवढा पाहिलेला. मी शिवण हाताची आहे एवढंच लिहिलं होतं. बिल्ला खरा आहे असं लिहिलं नव्हतं. माझं पत्र पुन्हा काढून वाचा.

दिवा खोटा नसेल, भाऊजी. दुकानदार त्यावर विसंबून पाचशेची नोट घेतात.

ही प्रदर्शनाची गोष्ट पुढे ढकलता येईल का? मुलांच्या परीक्षा पण आहेत. आणि तो विकणारा असे किती बिल्ले विकतो, ते हर्षालीला कळेल का? नुसतं विचारते.

महाशिवरात्रीला सोमेश्वराला जाऊन आले. हात जोडले आणि काय मागायचं तेच आठवेना, तशीच परत आले. वयाचा परिणाम. शेंगदाणे छान होते.

आपली,
दीपमाला


मनमाड
१० मार्च २००४

वहिनींना जयरामचा नमस्कार.

तुमचा हा संकोच मला माहीत आहे. दादांच्या रिटायरमेंटला सगळ्यांनी पुरणपोळीची तारीफ केली तर तुम्ही म्हणालात, “डाळच चांगली मिळाली होती.” नाव राहणार. कार्ड लिहून झालं, वर्गशिक्षकांनी ते मुलांना दाखवलंसुद्धा. हेडमास्तरांनी पत्रिका छापायला टाकल्या. प्रदर्शन ढकलायचं आता माझ्या हातात नाही.

पण तुमच्या प्रश्नाने घरात वाद झाला तो सांगतो. हर्षालीने शोधलं. त्याच माणसाने आजवर असे अकरा बिल्ले विकलेत आणि बारावा आत्ता लिलावात आहे. सगळ्यांची गोष्ट एकच. ती म्हणाली, “बाबा, अंतराळवीर काय बिल्ल्यांचं दुकान अंगावर घालून गेला होता?” मी म्हटलं, इंजिनिअरने गठ्ठा दिला असेल. ती म्हणाली, “तुम्हाला फसवलंय. कबूल करा आणि तक्रार करू.” मी चिडलो. म्हणालो, “तू दोन बुकं जास्त शिकलीस म्हणून दीपमाला काकूंना खोटं ठरवतेस? ती बाई भाजीवाल्याने चुकून दोन रुपये जास्त दिले तर परत चालत जाते!” पोरीने फोन ठेवला. पाच दिवस झाले, फोन नाही.

वहिनी, मला हे मनाला लागलंय. शाळेत माझ्यासारखा रेल्वेचा माणूस दोनशे पोरांसमोर उभा राहून म्हणणार की, हे कापड पृथ्वीच्या बाहेर जाऊन आलंय, हात लावू नका. ती पोरं घरी जाऊन सांगणार. म्हणून एकदाच विचारतो. बिल्ला खरा आहे असं तुम्हाला वाटतं ना? हो की नाही, एक शब्द लिहा. तुम्ही हो म्हणालात की मी हर्षालीचं ऐकणार नाही, दिव्याचंही नाही.

आपला,
जयराम


(पोस्टकार्ड)

मनमाड, २४ मार्च २००४

वहिनींना स. न. पाडवा होऊन गेला, उत्तर नाही. रविवारी फोन केला. महेशने उचलला, म्हणाला आई गडावर गेलीय. चैत्राची यात्रा तर अजून सुरू व्हायची आहे. मग त्याने विचारलं, “काका, तो बिल्ला तुम्ही कुणाच्या नावावर घेतला होता?” मी सांगेपर्यंत फोन तुटला. तब्येतीचं कळवा. प्रदर्शनाचं राहू द्या, आधी तब्येतीचं कळवा. जयराम.


॥ श्री सप्तशृंगीमाता ॥

नाशिक
३० मार्च २००४, रामनवमी

श्री. जयराम भाऊजींना दीपमालाचा नमस्कार.

मी गडावर गेले नव्हते. तुमचा फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीत बसले होते, हातात कात्री होती.

तुम्ही एक शब्द मागितला होता. नाही. बिल्ला खरा नाही. तो मी भरलाय.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही. जसं झालं तसं सांगते.

मागच्या श्रावणात महेश म्हणाला, “आई, पुण्याच्या एका शाळेचं गॅदरिंग आहे, अंतराळावर नाटक आहे. चोवीस बिल्ले करून देशील? हातचेच पाहिजेत.” त्याने चित्र दिलं. मी कार्बनने उतरवून घेतलं. अक्षरं कुठली ते मला कळलं नाही, जशी दिसली तशी भरली. झाल्यावर म्हणाला, जुन्या काळातले दिसायला हवेत, चहाच्या पाण्यात टाक. नवी पावडर कशाला वाया घालवायची, म्हणून मी रोजचा चोथा साठवून उकळला. आमच्याकडे चहात गवती चहा असतो. तुमच्या रशियन पेटीचा वास तो.

आणि पाठीवरचा काळा टाका. भाऊजी, तो कुठल्या तपासनिसाचा नाही. तीट आहे ती. माझी आई कमळाबाई मखमलाबादला फुलांचे हार करायची. लग्नाचा हार कितीही सुंदर झाला तरी एक फूल ती मुद्दाम उलटं ओवायची. म्हणायची, बिनचूक वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नये, नजर लागते. मी फुलांच्या जागी काळा टाका धरला. झबलं असो, रुमाल असो, देवघराचा पडदा असो, पाठीमागे डाव्या कोपऱ्यात एक टाका. पस्तीस वर्षं. हर्षालीच्या बारशाला मी दिलेलं झबलं असेल तर उलटून बघा.

तुमचं पार्सल उघडलं तेव्हा आधी वास आला. मग मी बिल्ला उलटा केला आणि खाली बसले.

त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. फक्त महेशला विचारायचं राहिलं होतं आणि मी ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला लिहिलं, शिवण हाताची आहे. एकही अक्षर खोटं नाही आणि सगळं पत्र खोटं. महेशने ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा माणसांना फसवलं. मी ओळखून, जाणून, माझ्या धाकट्या दिराला फसवलं, अठ्ठेचाळीस दिवस.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट आहे, तीही लिहिते. तुम्ही लिहिलंत, असा टाका आता कोणी घालत नाही. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. परदेशातली जाणती माणसं माझं काम भिंगाखाली धरून वाखाणतात, याचं मला बरं वाटलं. त्या सुखापायी आणखी तीन आठवडे गेले.

तुमचं अकरा बिल्ल्यांचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं. “महेश, ते बिल्ले कुठल्या शाळेला दिलेस?”

“किती महिने झाले त्याला. पुण्याच्या.”

“शाळेचं नाव?”

तो कॉम्प्युटरकडेच बघत राहिला. “आई, तू कशाला खोलात जातेस? तुला तुझी मजुरी मिळाली ना?”

“तुझ्या जयराम काकांनी घेतलाय त्यातला एक.”

तेव्हा मान वळली. “काकांनी? मला काय माहीत! पत्ता तर पुण्याच्या कुठल्या बाईचा होता.”

“म्हणजे पुण्याची बाई असती तर चाललं असतं?”

“फसवलं काय त्यात? भिंतीवर लावणार, चार माणसांना दाखवणार, खूश होणार. लोकांना बिल्ला नको असतो गं, बिल्ल्याची गोष्ट हवी असते. मी गोष्ट दिली.”

“गोष्टीत तुझ्या वडिलांना कशाला घातलंस?”

यावर त्याने चपला घातल्या आणि बाहेर पडला. भाऊजी, तुम्हाला आठवत असेल, एक रशियन इंजिनिअर खरंच आमच्या घरी जेवला होता. थालीपीठ खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं होतं त्याने. जाताना ह्यांना लिमलेटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी दिली. ह्यांनी ती गोष्ट महेशला शंभर वेळा सांगितली असेल. पोराने डबी काढली आणि तिथे बिल्ला ठेवला. कारखान्यातला एक वॉशर पँटच्या दुमडीत अडकून घरी आला, तर रविवारी सायकल काढून ओझरला परत द्यायला गेलेला माणूस! त्यांच्या नावाशिवाय पोराला दुसरी साक्ष मिळाली नाही, आणि कार्डावर लिहायला तुम्हाला माझ्याशिवाय दुसरी मिळाली नाही. एकाच घरातल्या दोन खोट्या साक्षी.

महेश दोन दिवस घरी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ताटावर बसून म्हणाला, “काकांना सांगू नको. त्यांना वेगळं काहीतरी सांगू, दिव्यात दोष होता म्हणू.” मी म्हटलं, “एक साक्ष देऊन झाली माझी, दुसरी मिळणार नाही.” मग मी पाडव्याला गुढी उभारली आणि त्याला गुढीसमोर उभं करून लिलावातला बारावा बिल्ला काढायला लावला. काढला त्याने. रडला. पण रडताना म्हणाला, “तूही महिनाभर गप्पच होतीस की.” हे त्याचं खरं आहे, म्हणून मला त्याला अजून धड रागावता आलेलं नाही.

अकरा गेले, तेरा घरात होते. त्यातले बारा मी उसवले. भरताना एकाला दोन दिवस लागले होते, उसवायला एक दुपार पुरते. तेरावा सोबत पाठवते आहे. तुमच्याजवळच्या शेजारी ठेवून बघा, पाठीमागून. तुमचे पैसे मनीऑर्डरने येतील. एकीत मावत नाहीत, म्हणून दोन करते. उरलेल्या दहा जणांचे पत्ते महेशकडून लिहून घेतलेत. एकेकाचे पैसे पोचते करण्यासाठी त्याचा संगणक मी विकायला लावणार आहे.

माझ्या मजुरीचं मात्र मला काही करता येत नाही. त्या पैशांतून मी नवरात्रात देवीला अकरावारी शालू आणि तीन खणांची चोळी नेली होती. ती आईच्या अंगावर चढली. ती परत कशी मागू? आजपासून गडावर यात्रा भरली आहे, शेजारच्या बायका निघाल्या, मला हाक मारून गेल्या. मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. हेही खोटंच. हे पत्र पेटीत पडेपर्यंत मला तिच्यासमोर उभं राहायचं नाही.

आता मागणं. पहिलं, हर्षालीला आजच फोन करा. पोरगी बरोबर होती. तिला सांगा की काकू चुकीची निघाली, आणि “काकूंना खोटं ठरवतेस” म्हणून तुम्ही तिला बोललात ते शब्द मागे घ्या. दुसरं, तुमच्या त्या जगभरच्या मंडळीला तिच्याकडून इंग्रजीत कळवा. ज्या बिल्ल्याच्या पाठीवर, डाव्या कोपऱ्यात, तिळाएवढा काळा टाका आहे, तो नाशिकच्या एका बाईने गेल्या वर्षी पावसाळ्यात भरलेला आहे. कुणाची नजर लागू नये म्हणून घालत होते. आता सगळ्यांनी तो निरखून बघावा.

तिसरं. १२ तारखेचं प्रदर्शन मोडू नका. दोनशे पोरांना अस्सल वस्तू मिळणार नाही, हे माझ्याने भरून निघणार नाही. पण खोटी कशी ओळखायची, हे त्यांना दाखवता येईल. तुमचा निळा दिवा ठेवा. दोन्ही बिल्ले पेटीत उलटे ठेवा, पाठ वर करून. आणि कार्डावरचं माझं नाव खोडू नका. “तपासणी” हा शब्द तेवढा खोडा आणि तिथे “भरणारी” असं लिहा.

मी सुई-दोरा आणि भरतकामाची रिंग घेऊन सकाळच्या गाडीने येईन. पेटीशेजारी बसेन आणि मुलांसमोर टाका घालून दाखवेन. काही विचारलं तर खरं सांगेन. महेश बरोबर येतो म्हणतो. दाराबाहेर उभा राहीन, म्हणतो. आत बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

माझं तोंड तुम्हाला त्या शाळेत बघवणार नसेल तर तसंही स्पष्ट लिहा, मला वाईट वाटणार नाही. वाईट वाटलं तरी मी लिहिणार नाही. फोन करू नका. फोन महेश आधी उचलतो, आणि तुमचा आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही. एक पोस्टकार्ड, त्यावर “या” किंवा “येऊ नका”. उलट टपाली कळवा.

दीपमाला